कुणाची ओळख आहे का?

माझ्या टेबलाचा उजवीकडचा खण नीट बंद होत नाही. आत रबरबँड लावलेले तीन गठ्ठे आहेत. एफ. वाय. बी. ए.ची सतरा, बी. कॉम.ची सहा, बी. एस्सी.ची तीन. एकूण सव्वीस ओळखपत्रं. आमच्या कॉलेजात आयकार्डं वाटायचं काम ग्रंथालयाकडे असतं, आणि ग्रंथालय म्हणजे मी आणि आमचे शिपाईमामा. छापून आलेला खोका फोडायचा, कार्डं वर्गवार लावायची, फीची पावती बघायची, रजिस्टरात सही घ्यायची आणि कार्ड हातात द्यायचं. पहिल्या आठवड्यात दाराशी झुंबड असते. गणपतीपर्यंत ती ओसरते. दिवाळीनंतर कुणी फिरकत नाही. उरतात ती अशी खणात पडून राहतात.

खण अडतो तो खरं म्हणजे लाकूड फुगल्यामुळे. त्यात कार्डांचा काही दोष नाही. पण रबरी शिक्का काढायला खण ओढला की आधी तीच दिसतात. सगळ्यांत वर एक मुलगा आहे. कपाळाला बुक्का, शर्टाचं वरचं बटण गळ्याशी लावलेलं, आणि फोटो काढणाऱ्याने ‘हसू नको’ म्हटल्यावर जेवढं हसू आवरत नाही तेवढं ओठांच्या कडेला. खाली एक मुलगी. सगळ्यांच्या मागे सारखाच निळा रंग. पूर्वी स्टुडिओत निळा पडदा असायचा. आता तोही नसतो. संगणकावर मागचं सगळं पुसून निळं करतात. त्या पुसापुशीत या मुलीच्या वेणीतलं अर्धं फूल गेलं आहे.

प्रवेश घेतला, फी भरली, फोटो दिला, आणि कार्ड न्यायला मात्र आले नाहीत. का, ते थोडंफार मला ठाऊक असतं. आमचं गाव बालाघाटच्या डोंगरात. दसरा झाला की इथल्या वाड्यावस्त्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर ऊसतोडीला निघतात, आणि आईबापांमागे कधी थोरली मुलगीही जाते, धाकट्यांना सांभाळायला. काही मुलं चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत लागतात आणि परीक्षेपुरती उगवतात. कुणी पोलीस भरतीच्या तयारीला जातं, कुणाचा आयटीआयला नंबर लागतो. काहींचं काहीच कळत नाही. त्यांचा फॉर्मवरचा मोबाइल लावला तर कुणीतरी मोठा माणूस उचलतो आणि म्हणतो, ‘सांगतो तिला.’

‘ओळखपत्र’ हा शब्द मी पहिल्यांदा लक्ष देऊन वाचला तो १९९६ च्या जुलैत. त्याच्या आधी महिनाभर घरात दुसरीच ओळख चालली होती. अंबाजोगाईहून पुण्याला बी. लिब. करायला जायचं म्हटल्यावर अण्णांचा पहिला प्रश्न होता, ‘तिथं कुणाची ओळख आहे का?’ पुणे विद्यापीठ केवढं, अभ्यासक्रम काय, पुढे नोकरी कसली, हे सगळं मागून. आधी ओळख. ओळख म्हणजे वसतिगृहात नंबर लागेपर्यंत पथारी टाकायला जागा, ताप आला तर भात करून देणारं घर, खिडकीतल्या माणसापर्यंत पोचणारी चिठ्ठी. ओळख काढावी लागते, मग ती ठेवावी लागते, आणि वेळेला ती दाखवावीही लागते. लग्नात समोरासमोर येऊन एखाद्याने ओळख दाखवली नाही तर आमच्याकडे ते वर्षभर निघत राहतं. इतकी कामं करणारा हा शब्द; त्याला ‘पत्र’ जोडून कुणीतरी तो तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर आणून बसवला.

आजीच्या गावाला गेलं की पारावरची म्हातारी विचारायची, ‘कुणाची गं तू?’ मी माझं नाव सांगितलं की ती हात झटकायची. ‘नाव राहू दे. कुणाची ते सांग.’ मग अमक्याच्या थोरल्या लेकीची धाकटी, असं सांगितलं की तिचं समाधान. तिच्या त्या वंशावळीच्या वहीत माझ्या नावाला रकानाच नव्हता. त्याचा मला तेव्हा राग यायचा. पुण्यात पहिला आठवडा काढल्यावर मात्र असं वाटलं, की कुणीतरी ‘कुणाची’ म्हणून तरी विचारावं.

ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. गावातल्या स्टुडिओत आरशाला दोरीने कंगवा बांधलेला असे, शेजारी पावडरचा डबा, आणि पुरुषांसाठी खुंटीवर एक काळा कोट. कितीतरी जणांच्या फोटोंत तोच कोट आहे. मला कोट नव्हता, पण पावडर होती. आईने तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या पुढे घेऊ की मागे, यावर फोटोवाल्याने बराच विचार केला. ‘मान जरा उजवीकडे. हनुवटी खाली. आता हलू नका.’ मी श्वासही घेतला नाही. त्या फोटोतली मुलगी अजून श्वास धरून बसली आहे असं मला वाटतं.

मग साक्षांकन. आजच्या मुलांना हा शब्द सांगावा लागतो. आता स्वतःच्या कागदावर स्वतःच सही केली की भागतं. तेव्हा गुणपत्रिकांच्या नकलांवर आणि फोटोवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागायची, म्हणजे ही तीच आहे याची त्यांनी ग्वाही द्यायची. आमच्या गावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे अशा अधिकाऱ्यांचा तुटवडा नव्हता. एका डॉक्टरांच्या दाराबाहेर पेशंटची रांग होती, तिच्यातच आम्ही कागदवाले. आत गेल्यावर त्यांनी मान वर न करता हिरव्या शाईने सह्या केल्या. एका दाखल्यावर तर ‘मी हिला गेली तीन वर्षे ओळखतो’ असं छापलेलंच होतं. गावात मला ओळखणारी माणसं शेकड्यांनी होती. त्यांतल्या एकाचीही सही चालणारी नव्हती. ज्यांची चालायची त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. निघताना डॉक्टरांनी एकदाच वर बघितलं आणि विचारलं, ‘पुण्याला काय शिकणार?’ ग्रंथालयशास्त्र, मी म्हटलं. ‘पुस्तकं वाटायचं पण शास्त्र असतं का?’ असं म्हणून ते हसले. मी आजतागायत पुस्तकं वाटते आहे, आणि आयकार्डंही. शास्त्र आहे की नाही, ते मी सांगू शकणार नाही.

रात्रभर एस.टी.त बसून शिवाजीनगरच्या स्टँडवर पहाटे उतरले. काखेत टी.सी., मायग्रेशन, गुणपत्रिका यांची प्लॅस्टिकची पिशवी. शहर बसच्या कंडक्टरने ‘गणेशखिंड’ असं ओरडून सांगितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. शाळेच्या पुस्तकातलं गणेशखिंड हेच? हेच. विद्यापीठाची ती मनोऱ्याची मुख्य इमारत म्हणजे पूर्वीचा गव्हर्नरचा बंगला. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून तिथे समारंभ होता. परतणाऱ्या बग्ग्यांमधून प्लेगचा अधिकारी रँड याची बग्गी चापेकर बंधूंना अंधारात ओळखायची होती. ‘गोंद्या आला रे’ ही ओळख पटल्याची आरोळी ठरलेली, असं आम्ही शिकलो होतो. त्या रात्री मागच्या बग्गीतल्या आयर्स्टलाही गोळी लागली. रस्ता तोच, आणि मी त्या रस्त्यावर माझी ओळख पटवायला निघालेली, पिशवी काखेत धरून. आता हे मी रंगवून सांगते आहे. त्या दिवशी मनात एवढंच होतं की पिशवी बसमध्ये राहू नये.

पुणे विद्यापीठाचं आवार ४११ एकरांचं. एवढ्या जागेत आमचं आख्खं गाव वसलं असतं. वडांच्या पारंब्यांखालून चालत मी त्या खिडकीपाशी पोचले. माझ्या पुढे एक मुलगा होता, साताऱ्याकडचा. मागे एक मुलगी, तिच्याबरोबर तिचे काका. माझ्याबरोबर कुणी नव्हतं. अण्णांनी काढलेली ओळख सदाशिव पेठेतली होती आणि ती दुपारी भेटणार होती. खिडकीतले गृहस्थ चष्म्यावरून बघत एकेक रकाना वाचत होते. आधी आडनाव लिहायचं, मग नाव, मग वडिलांचं. तेही इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. आपल्या लिपीत अक्षरांना लहान-मोठं नसतं. सगळी एका रेघेला लोंबकळलेली. इंग्रजीतल्या त्या उभ्या अक्षरांत उलट्या क्रमाने लिहिलेलं ते नाव मला एखाद्या परक्या बाईचं वाटलं.

‘रक्तगट?’

‘माहीत नाही.’

‘मग रेघ मारा. कळला की भरा.’

तर माझ्या कार्डावर रक्तगटाच्या जागी रेघ होती. माणसांच्या रक्ताचे गट असतात हे लँडस्टायनरने व्हिएन्नात १९०१ मध्ये सांगून ठेवलं होतं. माझा मला डिसेंबरात कळला, एन.एस.एस.च्या रक्तदान शिबिरात. बोटाला टोचून काचेवर रक्ताचे थेंब घेतले, त्यांत औषधाचे थेंब घातले आणि ती मुलगी सहज म्हणाली, ‘बी पॉझिटिव्ह.’ मी खोलीवर येऊन बॉलपेनने त्या रेघेवरच लिहिलं. एकवीस वर्षं अंगात वाहत असलेली गोष्ट आणि ती मला तिऱ्हाइताने सांगितली. मैत्रिणीला याचं काहीच वाटलं नाही. ती म्हणाली, वजन किती भरलं ते सांग आधी.

कार्ड मिळालं तेव्हा ते फिक्कट गुलाबी पुठ्ठ्याचं होतं, मधे घडी घातलेलं. फोटो डिंकाने चिकटवून त्यावर गोल शिक्का मारलेला, अर्धा फोटोवर, अर्धा बाहेर, म्हणजे कुणी फोटो बदलू नये. शिक्का नेमका असा बसला होता की ‘विद्या’ माझ्या खांद्यावर आणि ‘पीठ’ कागदावर. हॉस्टेलवर यावरून पुष्कळ हसणं झालं. विद्या आली, आता पीठ तेवढं दळून आण.

आणि पुठ्ठ्यावरच्या वरच्या ओळीबद्दल सांगायला हवं. बी. ए.च्या पहिल्या वर्षीच्या माझ्या कार्डावर आमच्या कॉलेजच्या नावाखाली ‘मराठवाडा विद्यापीठ’ असं छापलेलं होतं. दुसऱ्या वर्षीच्या कार्डावर ती ओळ लांबली. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं होतं. विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला होता १९७८ मध्ये. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यात घरं जळाली, माणसं मारली गेली, माणसं लाँग मार्चला चालत गेली. आमच्या वर्गात माझ्या बाकावर बसणारी मुलगी ते दुसऱ्या वर्षाचं कार्ड घेऊन सरळ घरी गेली होती, तास बुडवून. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, बापाने ते हातात घेऊन किती वेळ नुसतं धरलं. तो वाचू शकत नव्हता. त्याने बोट ठेवून विचारलं, ‘कुठं लिहिलंय?’ तिने दाखवलं. माझ्या घरी त्याच दिवशी तेच कार्ड आलं होतं आणि आईने ते फोडणीच्या डब्यावर ठेवलं होतं, हळदीचा डाग पडला. एकाच छापखान्यातून एकाच दिवशी आलेले दोन पुठ्ठे. मला हे समजायला पुढे बरीच वर्षं लागली, हेही सांगून टाकते.

पुणे विद्यापीठालाही पुढे २०१४ मध्ये सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. मधे माझं लग्न होऊन माझं आडनाव आणि मधलं नाव बदललं. म्हणजे त्या गुलाबी कार्डाच्या मजकुरात आज जसंच्या तसं उरलेलं म्हणजे माझं पहिलं नाव आणि बॉलपेनने लिहिलेला रक्तगट.

जयकर ग्रंथालयाच्या दारात तेव्हा एक वयस्कर पहारेकरी असत. पहिल्या कुलगुरूंच्या, मुकुंदराव जयकरांच्या नावाचं हे ग्रंथालय; आता त्याला ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात. रोज दारात थांबायचं, पर्स उघडायची, कार्ड दाखवायचं. ते कार्ड बघायचे, मग चेहरा, मग पुन्हा कार्ड, जणू दोघींत काहीतरी भांडण आहे. असं दोन-अडीच महिने चाललं. आत गेलं की तालिकेचे खण असत, लाकडी, पितळी कडीचे. एकेका पुस्तकाचं एकेक कार्ड, खाली भोक, त्यातून ओवलेली सळई. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पानं, दाखल क्रमांक. त्या खणांशी माझी गट्टी जमली, कारण ती पुस्तकांची आयकार्डंच होती, आणि तिथेही आडनाव आधी होतं.

एक दिवस दिवाळीच्या सुट्टीनंतर मी सवयीने दारात थांबले आणि पर्समध्ये हात घातला. ते म्हणाले, ‘असू द्या, जावा आत.’ एवढंच. मी आत जाऊन जागेवर बसले. पुस्तक उघडलं, पण बराच वेळ वाचलं नाही. संध्याकाळी अण्णांना पत्र लिहिलं. त्यात पैसे पोचल्याचं होतं, थंडीचं होतं, मेसच्या आमटीचं होतं. हे लिहिलं नाही. लिहायचं तरी काय, की आज कुणीतरी माझं कार्ड मागितलं नाही?

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या प्रवेशासाठी त्याच दारात गेले. नवीन मुलगा होता, गणवेशातला, अदबीचा. ‘मॅडम, आयकार्ड?’ मी माजी विद्यार्थिनी म्हणून सांगितलं. त्याने रजिस्टर पुढे केलं. लेक आत जाऊन आली, मी बाहेर पायरीवर बसले. तिच्या गळ्यात दोरी, दोरीला कार्ड, ८५.६ बाय ५४ मिलिमीटरचं, एटीएमच्या कार्डाच्या मापाचं, कारण जगभर या कार्डांचं माप एकच ठरलेलं आहे. तिच्याकडे पी.आर.एन. आहे, आधार आहे, आणि आता ‘अपार’ नावाचाही एक क्रमांक आहे. अपार, आणि आकडे मात्र मोजून बारा. तिने कार्ड घेतल्याबरोबर त्याचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. ‘किती भयाण आलाय फोटो!’ हे मात्र आमच्या वेळेसारखंच.

रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यांतलं एक असं की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक असतो. त्याला मी नोकरीत बऱ्याचदा प्रत्यक्ष पाहिलं आहे. बारा-बारा वर्षं कुणी न नेलेलं पुस्तक एखादा येऊन नेमकं मागतो. पुस्तकाला धीर धरता येतो. कार्डाला मुदत असते. वर्ष संपलं की न नेलेली कार्डं कातरीने कापून टाकायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे, कारण त्यांवर फोटो आणि क्रमांक असतात, गैरवापर होऊ शकतो. मामा कातरी घेऊन बसतात. मी त्या दिवशी काहीतरी दुसरं काम काढते.

गेल्या वर्षी कापायच्या दोन दिवस आधी एक मुलगी आली. कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ, पायात बारीक वाजणारे वाळे. नाव सांगितलं. कार्ड तीन वर्षांपूर्वीचं होतं. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आणि श्रावण संपता संपता लग्न झालं. त्या वर्षीचा गठ्ठा मीच कुठेतरी मागे ढकलून ठेवला होता, कापायचं राहून गेलं म्हणून. सापडलं. तिला म्हटलं, ‘अगं, याची मुदत संपली. आता हे कुठं चालायचं नाही.’

‘चालवायचं नाही, मॅडम. फोटो चांगला आलता म्हणत होते, म्हणून.’

रजिस्टरात सही करताना तिने पेन हातात घेऊन विचारलं, ‘जुनं नाव लिहू का आत्ताचं?’ मी म्हटलं, कार्डावर आहे ते. तिने हळूहळू, अक्षर वळवून लिहिलं. बाळाने कार्ड तोंडात घातलं, तिने काढून पदराला पुसलं आणि गेली.

यंदाची सव्वीस आहेत. मामांनी कातरीला धार लावून आणली आहे, मी त्यांना एप्रिल उजाडू दे म्हटलंय. ती पोरं हे वाचणार नाहीत. पण वाचणाऱ्यांपैकी कुणाची त्यांच्यापैकी कुणाशी ओळख असेल तर एवढा निरोप द्या: ग्रंथालय साडेदहाला उघडतं, दीड ते दोन जेवणाची सुट्टी, शनिवारी अर्धा दिवस. फीची पावती हरवली असली तरी या. चेहरे मला पाठ झाले आहेत.